एका अंशाला एकशे चौदा नॅनोटेस्ला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक निळी पट्टी दोन-तीनशे रुपयांना मिळते. तिच्यावरची चिप तीन मिलिमीटर लांब-रुंद. तिच्या पोटात एकमेकांशी काटकोन करून बसवलेले तीन सेन्सर असतात. चार तारा जोडल्या, इंटरनेटवरचा दहा ओळींचा प्रोग्राम चढवला की पडद्यावर आकडे धावू लागतात. नवी मुंबईच्या परिसरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकूण सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला आहे आणि त्यातला क्षितिजसमांतर भाग सुमारे 38 हजार. पट्टीतूनही साधारण तेवढाच आकडा बाहेर पडतो, म्हणून वेधशाळेचं यंत्र आता खिशात आलं असं पाहणाऱ्याला वाटतं. पुढचा सगळा गोंधळ या वाटण्यातून सुरू होतो. या पट्ट्यांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. चुंबकीय मोजमापात सूक्ष्म बदल जाणवण्याची क्षमता आता जवळजवळ फुकट झाली आहे. महाग राहिली आहे ती स्थिरता, आणि ती चिपबरोबर विकत मिळत नाही.

या मताला सर्वांत भक्कम पुरावा सिलिकॉनच्या फार आधीचा आहे आणि तो आपल्याच भागातला आहे. नवीन पनवेलला कळंबोलीच्या महामार्गाजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. 1971 साली स्वायत्त झालेल्या या संस्थेचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली उभारली आणि 1841पासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. विसावं शतक उजाडताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाट काढत परततो, आणि त्या प्रवाहाचं क्षेत्र कुलाब्याच्या सुयांना हलवणार हे उघड होतं. त्या वेळचे संचालक, या पदावर आलेले पहिले भारतीय डॉ. नानाभाय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. तिच्या इमारतीसाठी दारात मिळणारा काळा दगड सोडून अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरला. यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. 1904 साली अलिबागची यंत्रं चालू झाली तरी कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. 1906पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांत नेमका किती फरक आहे हे कळावं आणि मालिका तुटू नये. पहिली विजेची ट्राम मे 1907मध्ये धावली. ती ट्राम 1964 साली बंदही पडली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

या सातत्याचं मोल शंभर-दीडशे वर्षांनंतरही कसं वसूल होतं हे 1859च्या वादळाने दाखवलं. त्या वर्षी 1 सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर प्रखर झोत पाहिला, आणि एक दिवस उलटायच्या आत जगभरचे चुंबक थरथरले. कुलाब्याला क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं. टांगलेल्या चुंबकाचं वळणं डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलेले ते आकडे होते. 2003 साली ब्रूस त्सुरुतानी, भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने आजमावली. नुसती बारकाई पाहिली तर आजची पट्टी त्या टांगत्या चुंबकापुढे कमी पडायचं कारण नाही. वहीतले आकडे 144 वर्षांनी कामी आले, कारण वादळाच्या आधीच्या आणि नंतरच्या शांत दिवसांचे आकडेही त्याच वहीत, त्याच हाताने, त्याच खोलीत घेतलेले होते.

आता चिपच्या आत पाहू. लोखंडातून किंवा निकेलमधून वीज जात असताना धातूचं चुंबकन प्रवाहाच्या दिशेला समांतर असेल तर विद्युतरोध जास्त भरतो आणि आडवं असेल तर कमी, हे विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, 1856-57च्या सुमारास दाखवलं. फरक अगदी थोडा असतो. ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के लोखंड असलेल्या परमॅलॉयच्या पातळ थरातही तो दोन-तीन टक्क्यांच्या घरातला. अशा चार पट्ट्या व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांतला बारीक फरक दाखवणाऱ्या जोडणीत, बसवतात. मात्र नैसर्गिक अवस्थेत हा थर शून्य क्षेत्राजवळ जवळजवळ बहिरा असतो, शिवाय क्षेत्र डावीकडून आलं की उजवीकडून हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्यावर 45 अंशांत तिरप्या ॲल्युमिनियमच्या रेघा मारतात आणि प्रवाहाला तिरपं वळवतात. या रचनेला नाव पडलं आहे ते विलायती न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या तिरप्या पट्ट्यांच्या खांबावरून. शिवाय जवळून एखादा चुंबक गेला की थरातले चुंबकीय कण विस्कटतात. त्यांना पुन्हा रांगेत आणायला क्षणभर मोठा प्रवाह सोडतात, एकदा सरळ आणि एकदा उलट. उलट्या ठोक्यानंतर सेन्सरच्या उत्तराचं चिन्ह पालटतं, पण ब्रिजची स्वतःची चूक तशीच राहते. दोन उत्तरांची वजाबाकी केली की ती चूक गळून पडते. इतक्या स्वस्तात इतकी चलाख युक्ती क्वचितच मिळते. सामान्य लेखांत या विषयाची गाडी लगेच 1988च्या महाकाय रोधबदलाकडे आणि फर्ट आणि ग्रुनबर्ग यांच्या 2007च्या नोबेलकडे धावते. हार्ड डिस्कचं जग त्याने बदललं हे खरंच आहे. पण मंदगतीने बदलणारं क्षीण क्षेत्र मोजायला बसलेल्या माणसाला रोध किती टक्क्यांनी बदलतो याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तासाभरात उत्तर आपलं आपण किती सरकतं, हा त्याचा प्रश्न असतो.

उत्तर सरकतं, आणि त्याचं पहिलं कारण ऊन. परमॅलॉयच्या सेन्सरची संवेदनशीलता दर अंश सेल्सियसला सुमारे 0.3 टक्क्यांनी घटते. माहितीपत्रकात हा आकडा कोपऱ्यात असतो आणि दिसायला निरुपद्रवी. पण 38 हजारांचे 0.3 टक्के म्हणजे 114 नॅनोटेस्ला. शांत दिवशी वरच्या वातावरणातल्या प्रवाहांमुळे अलिबागला क्षेत्रात दिवसभरात होणारा बदल साधारण 40-50 नॅनोटेस्लांचा असतो. म्हणजे सकाळच्या उन्हाने गच्चीवरचा, पट्टी ठेवलेला डबा अर्धा अंश तापला तरी दिवसभराचा सगळा खरा बदल त्याखाली गडप होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मुंबईत दिवस-रात्रीच्या तापमानात दहा अंशांहून अधिक फरक सहज पडतो. तेव्हा ही पट्टी रोज हजारावर नॅनोटेस्लांचं खोटं चुंबकीय वादळ दाखवते. अशा आलेखात सूर्याचा प्रभाव दिसतो असं कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर असतं, फक्त सूर्याने कशावर प्रभाव पाडला ते चुकतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सरासरी घ्या, चूक जाईल. आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्याचा खरा अर्धा भाग फार उपयोगाचा आहे. खूप खपलेल्या एका चिपची, हनीवेलच्या एचएमसी5883एलची, सर्वांत बारीक पायरी 73 नॅनोटेस्लांची आणि तिचा नॉइज 200च्या आसपास. ती सेकंदाला 75 वाचनं देते. मिनिटाला 4500 वाचनं झाली, त्याचं वर्गमूळ सुमारे 67, म्हणजे मिनिटाच्या सरासरीत नॉइज तीन नॅनोटेस्लांवर येतो. नॉइज पायरीपेक्षा मोठा असल्यामुळे 73ची पायरीही आड येत नाही, कारण नॉइजच वाचनांना पायऱ्यांवर खालीवर खेळवतो आणि सरासरी मधली जागा शोधून काढते. कागदावर हे विलक्षण आहे. पण वर्गमूळाचा हा नियम प्रत्येक वाचनाची चूक दुसऱ्या वाचनाच्या चुकीपासून स्वतंत्र असते या अटीवर चालतो. डबा तापला की सगळी 4500 वाचनं एकाच दिशेला चुकतात, आणि त्यांची सरासरी म्हणजे तीच चूक, जास्त ठाम आवाजात सांगितलेली. सरासरीच्या घाईत आणखी एक खड्डा आहे. घरातल्या तारांचं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा डोलतं, आणि कोणी सेकंदाला बरोबर दहा वाचनं घ्यायची ठरवली तर प्रत्येक वाचन त्या डोलण्याच्या जवळजवळ त्याच ठिकाणी पडतं. आपल्या ग्रिडची वारंवारता 50च्या किंचित खालीवर सरकत असते. त्यामुळे आलेखावर संथ, देखणी लाट उमटते आणि ती पृथ्वीच्या क्षेत्रातली स्पंदनं म्हणून कोणाच्याही गळी उतरते.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे. पट्टीशेजारी तापमापक ठेवा, तापमानाशी आकड्याचं नातं काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये वजा करा. हे करायलाच हवं, आणि केल्याने चूक बरीच आटोक्यात येते. पण नातं काढायचं कसं, इथे बहुतेकांचा पाय घसरतो. आठवडाभराचे आकडे आणि तापमान घेऊन सरळ रेषा बसवली की काम झालं असं वाटतं. मात्र पृथ्वीच्या क्षेत्राचा दैनंदिन बदलही सूर्याच्याच घड्याळावर चालतो. आपल्या अक्षांशावर क्षितिजसमांतर घटक दुपारच्या थोडा आधी शिखर गाठतो, आणि तापमान त्यानंतर दोन-तीन तासांनी. दोघांची चाल इतकी मिळतीजुळती असते की रेषा बसवताना खऱ्या बदलाचाही एक तुकडा तापमानाच्या नावावर जमा होतो आणि दुरुस्तीत धुऊन जातो. उरलेला आलेख छान सपाट दिसतो, म्हणून शंकाही येत नाही. याला उपाय साधा आहे, फक्त रात्री जागायची तयारी हवी. शांत रात्री पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ स्थिर असतं. तेव्हा डबा मुद्दाम तापवावा, हळूहळू निवू द्यावा आणि नातं तेवढ्याच आकड्यांवरून काढावं. तापवायला हीटर चालत नाही, कारण त्याच्या तारेतल्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र असतं. गरम पाण्याची प्लॅस्टिकची बाटली चालते. या चिपमध्ये ठरावीक क्षेत्र निर्माण करणारी एक इवलीशी गुंडाळीही असते. तिला मधूनमधून चालवून सेन्सरची मोजपट्टी तपासता येते. महागड्या भावंडांत याच्या पुढे जाऊन गुंडाळीतल्या प्रवाहाने बाहेरचं क्षेत्र सतत शून्यावर आणतात आणि तो प्रवाहच मोजतात. मग परमॅलॉयच्या लहरीपणाचा प्रश्न उरत नाही. पण मग प्रवाहाची स्थिरता विकत घ्यावी लागते, म्हणजे खर्च फक्त दुसऱ्या खात्यावर गेला.

तिसरा आक्षेप संख्येचा. एक चांगलं यंत्र घेण्याऐवजी शंभर शाळांच्या गच्च्यांवर शंभर पट्ट्या बसवा, एकाची चूक दुसरी भरून काढेल. हा विचार ऐकायला लोकशाहीचा आहे, त्यामुळे त्याला विरोध करताना अवघडल्यासारखं होतं. पण शंभर गच्च्यांवर ऊन एकाच वेळी पडतं. शंभर पट्ट्यांची सरासरी म्हणजे नवी मुंबईच्या उन्हाची फार अचूक नोंद. शिवाय प्रत्येक गच्चीची स्वतःची अशी एक गंमत असते. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या. शेजारी पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड. खाली लिफ्टचं लोखंडी वजन दिवसभर वरखाली. लोखंडाच्या वस्तूचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की तो आठवा हिस्सा उरतो. उभी मोटार पाच मीटरवर काहीशे नॅनोटेस्लांनी आकडा हलवू शकते, तर वीस मीटरवर मोजक्या नॅनोटेस्लांनी. सोसायटीत रोज संध्याकाळी त्याच जागी स्कूटर लागते तेव्हा आलेखात रोज तीच पायरी दिसते. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाचं गणित तर तोंडपाठ करून ठेवावं. एका तारेतून एक अँपिअर, दोन मीटरवर, शंभर नॅनोटेस्ला.

नवी मुंबईची जमीनही या कामात निर्दोष नाही. पारसिकच्या डोंगरापासून पनवेलपर्यंत सगळा दख्खनचा बेसाल्ट, आणि तो स्वतः चुंबकित आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्याच्यात गोठली. 1950च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांतलं हे गोठलेलं चुंबकत्व मोजलं, आणि भारतीय भूखंड दक्षिणेकडून सरकत आला याला त्यातून आधार मिळाला. भूशास्त्राला ही देणगी, पण पट्टी बसवणाऱ्याला डोकेदुखी. मुरुमाच्या भरावावर जागा एक पाऊल बदलली तरी आकडा बदलतो, म्हणून सेन्सर एकदा पुरला की हलवू नये. पुरणं हाच मुळात सर्वांत स्वस्त तापमाननियंत्रक. दिवस-रात्रीची उष्णतेची लाट मातीत अर्ध्या मीटरपर्यंत पोहोचेतो नाममात्र उरते. पावसाळ्यात ढगांमुळे दिवस-रात्रीचा फरक आपोआप चार-पाच अंशांवर येतो, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने हा ऋतू उत्तम. पण खाडी बुजवून केलेल्या जमिनीत तेव्हा पाणी वर येतं आणि पुरलेला डबा तरंगायला बघतो. एका बाबतीत मात्र हे शहर पूर्वीपेक्षा शांत झालं असावं. हार्बर लाइन 2016 साली 1500 व्होल्ट एकदिश विजेवरून 25 हजार व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर गेली. तेवढ्याच शक्तीला आता सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह लागतो, आणि 50 वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची मिनिटाची सरासरी शून्याकडे जाते. मूसना ज्या प्रवाहाची धास्ती होती त्याच जातीचा प्रवाह वाशीच्या रुळांतून 1992पासून चोवीस वर्षं वाहत होता.

मग या पट्टीचा उपयोग काय? क्षेत्राचं मूल्य सांगण्यापेक्षा दोन जागांमधला किंवा दोन क्षणांमधला फरक सांगण्यात ती तरबेज आहे. एकसारख्या दोन पट्ट्या एकाच आडव्या दांडीवर अर्ध्या मीटरच्या अंतराने बसवा. पृथ्वीच्या क्षेत्राचा बदल दोघींना सारखा, ऊनही जवळपास सारखंच. वजाबाकीत दोन्ही जातात आणि उरतं ते जवळच्या लोखंडाचं क्षेत्र. जमिनीखालची जुनी लोखंडी पाइपलाइन शोधायला, तळोज्याच्या रस्त्यावरचे ट्रक मोजायला किंवा पार्किंगची जागा रिकामी आहे का ते कळायला याहून महाग काही घेणं म्हणजे पैशाची उधळण. तारेला हात न लावता तिच्यातला प्रवाह मोजायलाही हेच सेन्सर वापरतात. या कामांत पट्टीला दोष द्यायला जागाच नाही. मोटार गेली की नाही याचं उत्तर दोन सेकंदांत मिळतं, आणि दोन सेकंदांत तापमान सरकत नाही. बाजारात हनीवेलच्या जुन्या चिपच्या नावाखाली सर्रास दुसरीच चिप मिळते हे मात्र लक्षात ठेवावं. जुनी प्रोग्रामला 1ई या पत्त्यावर उत्तर देते आणि नवी 0डी या पत्त्यावर. मोजपट्टीही वेगळी, त्यामुळे एकीचा प्रोग्राम दुसरीवर चालवला की आकडे येत नाहीत किंवा चुकीचे येतात.

लाखोंच्या यंत्राला तरी हे नियम कुठे चुकले आहेत? वेधशाळेतलं फ्लक्सगेट एक दशांश नॅनोटेस्लाचा बदल टिपतं, पण तेही फरकच टिपतं. मूळ मूल्य ठरवायला आजही माणसाला घड्याळ, पट्टा, किल्ल्या बाहेर ठेवून आत जावं लागतं आणि अचुंबकीय थिओडोलाइट हाताने फिरवून दिशा मोजाव्या लागतात. एकूण क्षेत्रासाठी सोबत प्रोटॉन मॅग्नेटोमीटर असतो. तो 43 हजार नॅनोटेस्लांत सुमारे 1830 हर्ट्झचा सूर देतो, आणि तो सूर प्रोटॉनच्या गुणधर्मावर ठरत असल्याने ऊन-पावसाने बिघडत नाही. या हातमोजणीशी फ्लक्सगेटचे आकडे पुन्हा पुन्हा जुळवले जातात आणि आधाररेषा सांभाळली जाते. नवी मुंबईत पट्टी पुरणाऱ्याला थिओडोलाइट परवडणार नाही, पण मूसनी कुलाबा आणि अलिबागमध्ये जे केलं त्याची छोटी नक्कल परवडते. अलिबागचे मिनिटामिनिटाचे आकडे इंटरमॅग्नेटच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून मिळतात. अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरचं. मोठ्या चुंबकीय वादळात एवढ्या अंतरावर दोन्हीकडे जवळपास तोच बदल होतो. आपल्या आकड्यांतून अलिबागचे आकडे वजा करून रोज रात्री दोन ते चारच्या सरासरीचा एक ठिपका मांडत जावा. दोन-तीन महिन्यांत ठिपके वर-खाली किती पसरले ते दिसेल. पसारा वीस नॅनोटेस्लांचा निघाला तर मे 2024च्या वादळासारखं, जगभरच्या सरासरीत 400हून जास्त नॅनोटेस्लांनी क्षेत्र उतरवणारं वादळ त्या पट्टीत निःशंक दिसेल आणि शांत दिवसाचा चढउतार दिसणार नाही. पसारा दोनशेचा निघाला तर आधी डबा आणखी खोल पुरावा, आणि मगच दुसऱ्या सेन्सरची किंमत विचारायला लॅमिंग्टन रोडला जावं.